दुचाकी बंद पडली, तर १०३३ ने काय करावे?

मा. श्री. नितीन गडकरी,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री,
यांना जाहीर पत्र

सन्माननीय मंत्रीमहोदय,



देशात नोंदलेल्या वाहनांपैकी सुमारे तीन चतुर्थांश वाहने दुचाकी आहेत. आपल्याच मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली आणि त्यांतली ७४,८९७ दुचाकीवरची होती. या आकड्यांच्या निमित्ताने हेल्मेट, वेग, खड्डे, एबीएस यांवर पुष्कळ बोलले जाते आणि बोललेच पाहिजे. हे पत्र मात्र अपघाताच्या अलीकडच्या एका टप्प्याविषयी आहे. कुणाला लागलेले नाही, गाडी कुठे धडकलेली नाही. ती फक्त बंद पडली आहे, घर दोनशे किलोमीटरवर आहे आणि अंधार पडायला लागला आहे. अशा माणसासाठी आपल्या महामार्गांवर आज काय आहे?

मुंबई-गोवा महामार्ग घेऊ. समजा, रविवारची संध्याकाळ आहे. सुट्टी संपवून एक जोडपे कुडाळहून पनवेलकडे निघाले आहे. दोघांच्या मध्ये एक पिशवी, टाकीवर एक पिशवी, मागे बांधलेली तांदळाची छोटी गोण. राजापूर मागे पडले, लांजा अजून यायचे आहे, आणि मागच्या चाकातली हवा गेली. गाडीला तारांची चाके, म्हणजे आत ट्यूब. ट्यूबलेस टायर असता तर खिळा उपटून त्या भोकात रबराची पट्टी कोंबली की काम भागले असते. ट्यूब म्हटली की मागचे चाक उतरवा, चेन सोडवा, टायर रिमवरून काढा, भोक शोधा, ठिगळ लावा आणि सगळे पुन्हा बसवा. पान्हे, टायर लिव्हर आणि पंप घेऊन निघणारे हौशी प्रवासी असतात. सोमवारी सकाळी कामावर हजर व्हायचे असलेल्या माणसाकडे यातले काही नसते. पुढची पंक्चरची टपरी दोन किलोमीटरवर आहे की बारा, आणि रविवारी या वेळेला ती उघडी असेल का, हे सांगणारे तिथे कुणी नसते. मग शंभर-सव्वाशे किलोची गाडी सामानासकट चढावर ढकलायला सुरुवात होते. गाडी साडेतीनशे सीसीची असेल तर नुसते तिचेच वजन दोनशे किलोच्या आसपास.

या माणसाने १०३३ लावला, असे धरू. राष्ट्रीय महामार्गांसाठी चोवीस तास चालणारा हा मदत क्रमांक आहे. त्याच्यामागे टोलनाक्यांपाशी उभी असलेली गस्तीची गाडी, रुग्णवाहिका आणि क्रेन असते. या यंत्रणेने आजवर अनेकांचे प्राण वाचवले आहेत, तिचे मोल कमी नाही. पण वाहन बंद पडल्यावर तिचे पहिले काम रस्ता मोकळा करणे हे आहे. ट्रक आडवा झाला किंवा मोटार मधल्या लेनमध्ये अडकली, की क्रेन येते आणि वाहन कडेला घेते. दुचाकी तर त्या माणसाने स्वतःच ढकलून कडेला लावलेली असते. वाहतूक सुरळीत चालू आहे, अडथळा नाही, म्हणजे हटवण्यासारखेही काही नाही. शिवाय क्रेनचा हूक दुचाकीला लावायचा तरी कुठे? अवजड वाहनांसाठी बनवलेल्या त्या साधनाने दुचाकी धड उचलताही येत नाही. तिला हवी असते हवा, एक ट्यूब, बॅटरीला थोडा वेळ वीज, लिटरभर पेट्रोल, आणि यातल्या कशानेच भागले नाही तर पुढच्या गावापर्यंत नेणारा एक छोटा टेम्पो.

त्यात कोकणातल्या या रस्त्याचे आणखी एक दुखणे आहे. पनवेल ते इंदापूर हा टप्पा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे, तर इंदापूर ते झाराप हा राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या राष्ट्रीय महामार्ग शाखेकडे. काम कुणी करायचे, यासाठी ही वाटणी ठीक असेल. रस्त्यात अडकलेल्याला तिचा पत्ता नसतो आणि असण्याचे कारणही नाही. मैलाच्या दगडाचा माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य मार्ग, ही खूण तरी किती जणांना माहीत असते? ताम्हिणीसारख्या घाटात तर दगड ओळखूनही फोन लावता येत नाही, कारण तिथे मैलोन् मैल रेंज नाही. आणि राज्य मार्गावर किंवा जिल्हा मार्गावर गाडी बंद पडली तर १०३३ चा संबंधच संपतो.

दुचाकीला टोल नाही. २००८ च्या शुल्क नियमांत तशी सूट आहे आणि ती योग्य आहे. तिच्याविरुद्ध हे पत्र एक अक्षरही म्हणत नाही. पण टोल न भरणारा म्हणजे रस्त्यासाठी काहीच न देणारा, अशी एक समजूत नाक्यावरच्या कर्मचाऱ्यापासून निविदा लिहिणाऱ्यापर्यंत नकळत रुजलेली दिसते. ती खरी नाही. दुचाकीस्वार गाडी घेताना वाहन कर भरतो. पेट्रोलच्या प्रत्येक लिटरमागे तो रस्ते व पायाभूत सुविधा उपकर देतो. महिनाभर रोज चाळीस-पन्नास किलोमीटर ये-जा करणारा औषध विक्रेता, गावोगाव फिरणारा बँकेचा वसुली कर्मचारी, पाड्यावर जाणारी आरोग्यसेविका हे सगळे रस्त्याचे पैसे टाकीच्या झाकणातून भरत असतात. फास्टॅगच्या हिशोबात ते दिसत नाहीत, एवढेच.

दुसरीकडे, ज्या रस्त्यांवर मदतीची व्यवस्था सर्वांत चोख आहे, तिथे दुचाकीला प्रवेशच नाही. आपण राज्याचे सार्वजनिक बांधकाम मंत्री असताना ज्याचे काम सुरू झाले, तो मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग. समुद्रावरचा अटल सेतू. या तिन्हींवर दुचाकीला बंदी आहे. वेगातला फरक लक्षात घेता ती समजण्यासारखी आहे. पण तिचा परिणाम असा, की दुचाकी जुन्या रस्त्यावर राहते: खंडाळ्याच्या जुन्या घाटात, कसाऱ्याला, ट्रकांच्या रांगेत. बंदी घालताना सुरक्षिततेचे कारण दिले जाते. तेच कारण पुढे नेले, तर पर्यायी रस्त्यावरची मदत अधिक भक्कम असायला हवी.

हा प्रश्न गेल्या काही वर्षांत का वाढला, याचे एक तांत्रिक कारण आहे आणि ते नीट समजून घ्यायला हवे. कार्ब्युरेटरच्या काळात गाडी बंद पडली तर माणूस आधी पेट्रोलचा कॉक रिझर्व्हला लावी, मग प्लग काढून घासून पुसून बसवी, नाहीतर उतारावर धक्का स्टार्ट करी. क्लचची केबल तुटली किंवा चेनचे लॉक निखळले तरी तालुक्याच्या कोणत्याही मिस्त्रीकडे इलाज असे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ मानके लागू झाली आणि बहुतेक मोटारसायकली फ्युएल इंजेक्शनवर गेल्या. २०२३ पासून ओबीडी-२ या बिघाड टिपणाऱ्या प्रणालीची भर पडली. हवा स्वच्छ राहावी म्हणून हे आवश्यकच होते. मात्र इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल ढकलणारा पंप विजेवर चालतो. बॅटरी पार बसली तर धक्का मारून गाडी सुरू होईलच असे नाही, आणि कित्येक गाड्यांना आता किकही नसते. सेन्सर बिघडला तर तो शोधायला स्कॅनर लागतो. नाक्यावरचा मिस्त्री हुशार असतो, हाताने चांगला असतो, पण कंपनीचा स्कॅनर त्याच्याकडे नसतो. जी गाडी पूर्वी जागेवर दुरुस्त झाली असती, ती आता उचलूनच न्यावी लागते. विजेवरच्या स्कूटरचे तर विचारूच नये. चार्ज संपला की तिला बाटलीतून आणून घालण्यासारखे काही नाही.

आणि उचलून न्यायची तरी कशी?

प्रत्यक्षात जे घडते ते प्रत्येक दुचाकीस्वाराने पाहिलेले आहे. पहिला उपाय टोचन: दुसऱ्या मोटारसायकलला दोर बांधायचा आणि ओढत न्यायची. त्याहून सर्रास दिसणारा प्रकार म्हणजे पाय लावणे. मागून येणारा स्वार आपला पाय बंद गाडीच्या फूटरेस्टवर टेकवतो आणि दोन्ही गाड्या तशाच जोडीने चालू लागतात. शहरात दोन गल्ल्या पलीकडे जायचे असेल तेव्हाही हे धोक्याचे आहे. महामार्गावर, रात्री, मागचा दिवा बंद असलेल्या गाडीला ट्रकांच्या बाजूने असे ढकलत नेणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. पण जो मदत करतो तो देवमाणूस असतो, आणि जो मदत घेतो त्याच्याकडे पर्याय नसतो. त्या दोघांना दोष देऊन काय साधणार?

दुसरा उपाय छोटा हत्ती. गावातून टेम्पो बोलवायचा, फळी लावायची, चार जणांनी मिळून गाडी वर चढवायची, स्टँडवर उभी करून दोराने दोन्ही बाजूंनी आवळायची. भाडे ठरते ते समोरच्याच्या अडचणीकडे बघून. रात्र, पाऊस, सोबत बाईमाणूस, यातल्या प्रत्येक गोष्टीने आकडा चढतो. सगळे टेम्पोवाले असे नसतात, अर्ध्या रात्री डिझेलच्या पैशांवर येणारेही आहेत. पण माणसाची सुटका समोरच्याच्या भलेपणावर सोडणारी रीत ही व्यवस्था म्हणता येत नाही. शेवटी गाडी रेल्वेने पाठवायची वेळ आली तर टाकी रिकामी करा, आरसे काढा, गोणपाटात बांधून पार्सल कार्यालयात नोंदवा. हा मार्ग खात्रीचा आहे, पण त्यासाठी आधी गाडी स्टेशनपर्यंत पोचावी लागते.

आपल्या कार्यालयातून कदाचित असे उत्तर येईल की कंपन्या आणि विमा कंपन्या रोडसाइड असिस्टन्स देतातच. देतात, हे खरे आहे. फोन केला की माणूस येतो, हवा भरतो, बॅटरी जोडून देतो, पेट्रोल आणतो, टोइंग करतो. शहराच्या आसपास ही सेवा चांगली चालते. लांबच्या प्रवासात तिचे कंगोरे टोचू लागतात. टोइंग ठरावीक किलोमीटरपर्यंत मोफत, पुढे प्रत्येक किलोमीटरला पैसे. गाडी जाणार ती नजीकच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला, आणि ते रविवारी बंद. गाडीची सोय झाली तरी माणसांची कुठे झाली? रात्रीचे साडेनऊ, दोघेजण, सामान आणि एसटी निघून गेलेली.

विम्याचा मुद्दा याहून मोठा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. अपघातग्रस्तांच्या दृष्टीने हा निर्णय मोलाचा होता. पण रस्त्यावरच्या मदतीचे कलम साधारणपणे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याला जोडून मिळते, आणि पहिल्या वर्षानंतर तो विमा अनेकजण पुढे चालवत नाहीत. पोलिसांनी अडवले तर दाखवायला थर्ड पार्टीचा कागद पुरतो. गाडी जुनी होते तशी बंद पडण्याची शक्यता वाढते, आणि नेमकी त्याच वेळी मदतीची तरतूद गळून पडते. कमी पगाराचा माणूस जुनी गाडी वापरतो, हे सांगायला नको. विमा नियामक प्राधिकरणाशी बोलून हे कलम थर्ड पार्टी विम्याबरोबरही अल्प दरात घेता येईल, अशी सोय आपल्याला घडवून आणता येईल.

यात गैरसोयीपलीकडचेही एक सत्य आहे आणि ते लिहिताना हात जड होतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये हैदराबादजवळ शमशाबादला एका तरुण पशुवैद्यक महिलेने आपली स्कूटर टोलनाक्याजवळ लावली होती. पोलिसांच्या तपासानुसार तिच्या चाकाची हवा मुद्दाम काढण्यात आली आणि पंक्चर काढून देण्याच्या बहाण्याने तिला गाठण्यात आले. पुढे तिच्यावर बलात्कार करून तिचा खून करण्यात आला, हे साऱ्या देशाला माहीत आहे. गस्तीची गाडी जिथे उभी राहते, तशाच एका नाक्याच्या परिसरात तिला खरी मदत मिळाली नाही. त्यानंतर डिसेंबर २०१९ मध्ये नागपूर शहर पोलिसांनी रात्री ९ ते पहाटे ५ या वेळेत अडकलेल्या महिलांना घरी मोफत सोडण्याची सेवा जाहीर केली. आपल्याच शहरातला हा निर्णय आहे. शहराच्या हद्दीत जे शक्य झाले, ते शहराबाहेरच्या काळोख्या पट्ट्यांवर तर जास्त गरजेचे आहे. दुचाकीवर एकटी निघालेली बाई रस्त्यात थांबली आहे, असा फोन १०३३ वर आला तर तो बिघाडाचा फोन मानू नये. तो थेट ११२ या आपत्कालीन क्रमांकाला जोडला जावा आणि गस्तीची गाडी तिच्याजवळ पोचून, तिची सोय होईपर्यंत तिथे थांबावी.

हे परदेशी पद्धतीचे लाड आहेत, असे कुणी म्हणू नये म्हणून थोडा इतिहास सांगावासा वाटतो. जर्मनीतला एडीएसी हा आज युरोपातला सर्वांत मोठा वाहनधारक संघ आहे. तो १९०३ मध्ये स्टुटगार्टला स्थापन झाला तो मोटारसायकलस्वारांचा संघ म्हणून. आजचे नाव त्याला १९११ मध्ये मिळाले. त्यांचे रस्त्यावरचे मदतनीस १९५४ मध्ये निघाले, तेही साइडकार जोडलेल्या मोटारसायकलींवरून, हत्यारांची पेटी घेऊन. ब्रिटनमधल्या १९०५ च्या ऑटोमोबाइल असोसिएशनचे गस्तकरीही पहिल्या महायुद्धानंतर अशाच गाड्यांवरून फिरत. मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन १९१९ पासून आहे आणि तिचे सभासद बंद गाडीसाठी तिच्याकडे मदत मागत आले आहेत. रस्त्यावरची मदत ही कल्पना मोटारवाल्यांनी दुचाकीवाल्यांना दिलेली नाही. तिच्या सुरुवातीलाच मोटारसायकल आहे, आणि छोट्या गाडीवरून छोटी मदत लवकर पोचते, हे तेव्हाच सिद्ध झालेले आहे.

आपल्याकडेही दाखला आहे. गणेशोत्सवात मुंबई-गोवा महामार्गावर सुविधा केंद्रे उभी राहतात. पोलिस, रुग्णवाहिका, चहा-पाणी, विश्रांतीची जागा आणि वाहनदुरुस्तीची सोय तिथे असते. चाकरमान्यांच्या लोंढ्यात दुचाकीवरून येणारे हजारो असतात. मांडीवर पोर, पाठीला सॅक, अंगावर रेनकोट. त्या दिवसांत एखाद्याची गाडी बंद पडली तर निदान कुठे जायचे ते कळते. उत्सव संपला की मांडव निघतो आणि मिस्त्री आपल्या गावी जातो. शिमग्याला, मे महिन्यात, दिवाळीत त्याच रस्त्याने तीच माणसे येतात, आणि आडवारी येणाऱ्याची चेन तुटली तरी ती तितकीच तुटलेली असते. २०२५ च्या गणेशोत्सवात कोकण रेल्वेने कोलाड ते वेर्णा अशी मोटारींसाठी रो-रो सेवा सुरू केली. मोटार रेल्वेगाडीवर चढवून नेण्याची कल्पना इथवर आली, तर दुचाकीसाठीही तिचा विचार व्हायला हरकत नाही.

मागणी मोठ्या खर्चाची नाही. २०२४ मध्ये महामार्ग प्राधिकरणाने ‘राजमार्ग साथी’ या नावाने गस्तीच्या गाड्यांचे नवे रूप जाहीर केले. साहित्य नीट लावून ठेवायला कप्पे, रस्त्यावरचे खड्डे-भेगा टिपणारे कॅमेरे अशी त्यांची रचना आहे. त्या कप्प्यांत पंक्चरचा संच, बॅटरीवर चालणारा हवेचा पंप, जंप स्टार्टर, नेहमीच्या मापाच्या दोन-तीन ट्यूब, चेनचे लॉक आणि दोनचार केबल ठेवायला किती जागा लागेल? त्या गाडीवरच्या माणसाला मागचे चाक उतरवायचे प्रशिक्षण चार दिवसांत देता येते. त्याने पंक्चर काढावे आणि ठरलेले पैसे घ्यावेत. फुकट कुणीच मागत नाही. दर मात्र छापलेला असावा, नाक्यावर आणि १०३३ च्या संदेशातही.

गाडी न्यावी लागली तर टेम्पोचे तसेच. प्रत्येक तालुक्यात छोटे हत्ती आहेत, त्यांचे चालक आहेत, त्यांना धंदा हवा आहे. नाक्यागणिक अशा चालकांची नोंद करून, फळी आणि पट्टे देऊन, किलोमीटरचा दर बांधून दिला तर कुणाचेच नुकसान नाही. नियम एवढाच हवा की गाडीबरोबर माणसांनाही पुढच्या एसटी स्थानकापर्यंत किंवा उजेडाच्या, वर्दळीच्या जागेपर्यंत न्यायचे. मोफत हवेचे बंधन असलेले पेट्रोल पंप आणि महामार्गालगत दर ४० ते ६० किलोमीटरवर उभ्या राहणाऱ्या प्रवासी सुविधा यांत पंक्चर काढणाऱ्याला जागा राखून देता येईल. तिथे फूड कोर्टासाठी जागा निघते, मग मिस्त्रीसाठी एक गाळा नक्कीच निघेल. राज्य मार्गांसाठी राज्यांशी बोलणी करावी लागतील, आणि त्यांना वेळ लागेल. तोवर एवढे तरी करावे की १०३३ लावणाऱ्याला ‘हा रस्ता आमचा नाही’ असे ऐकावे लागू नये. फोन घेणाऱ्यानेच तो योग्य खात्याकडे वळवावा आणि कोण, किती वेळात येणार हे सांगावे.

सुरुवात पनवेल ते गोव्याच्या सीमेवरील पत्रादेवी या एका पट्ट्यापासून व्हावी, ही विनंती. हा रस्ता दोन यंत्रणांत वाटलेला आहे, घाट आहेत, पाऊस आहे, दुचाकींची गर्दी आहे. इथे जमले तर कुठेही जमेल. दुचाकीचे बिघाडाचे फोन १०३३ ने वेगळे नोंदवावेत, किती वेळात माणूस पोचला तेही लिहावे, आणि सहा महिन्यांनी ते आकडे जाहीर करावेत. येत्या गणेशोत्सवात उभारल्या जाणाऱ्या सुविधा केंद्रांपैकी निदान तीन, म्हणजे महाड, चिपळूण आणि राजापूरच्या आसपासची, विसर्जनानंतरही बाराही महिने चालू ठेवावीत आणि तिथल्या मिस्त्रीला रात्रपाळीचे मानधन मिळावे. याबाबत आपल्या मंत्रालयाने काय ठरवले, ते कोकणच्या वृत्तपत्रांतून जाहीर करावे.

कळावे.

आपला,
महाराष्ट्रातला एक दुचाकीस्वार